रोम ओस पडलं ते तलवारीने की रिकाम्या जहाजांनी?

टायबरकाठी (धागाकर्ता):
सम्राट ऑगस्टसच्या काळात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, रोममध्ये दहा लाख माणसं होती, असं बहुतेक पुस्तकं सांगतात. इ.स. ५४६ मध्ये गॉथ या जर्मन टोळ्यांचा राजा तोतिला शहरात शिरला तेव्हा सामान्यांपैकी जेमतेम ५०० उरले होते, असं तेव्हाचा इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. शाळेत आपण घोकलं की रानटी टोळ्या आल्या आणि रोम बुडालं. मला ते पटत नाही. ४१० मध्ये गॉथांच्याच अलारिकने तीन दिवस शहर लुटलं. पण ४१४ मध्ये तिथला मुख्य अधिकारी तक्रार करतोय की माणसं इतकी परतलीत, सरकारने वाटायचं ठरलेलं धान्य पुरत नाही! कंबर मोडली ती ४३९ मध्ये, व्हँडल टोळीने उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज घेतलं तेव्हा. आफ्रिकेतून जहाजांनी रोमला येणारा गहू आटला. इजिप्तचा तर आधीच पूर्वेच्या नव्या राजधानीकडे, कॉन्स्टँटिनोपलकडे वळला होता. रेशनवर वाढलेलं शहर रेशन गेल्यावर गेलं.

अर्धवट_पुणेकर:
आधी दहा लाख सिद्ध करा. तो आकडा बराचसा रेशनकार्डांवरूनच काढलाय: ऑगस्टसच्या वेळी फुकट गहू घेणारे दोन लाख पुरुष, मग बायकामुलं, गुलाम, परदेशी धरून गुणाकार. पण सीझरने हीच यादी ३,२०,००० वरून १,५०,००० वर आणली होती. तेव्हा काय रोमची वस्ती निम्मी झाली? कार्डं मोजून माणसं मोजता येत नाहीत. काही अभ्यासक पाच लाखांच्याही खालीच थांबतात.

गिरगावकर:
पुणेकर, दाटीची शंका असेल तर चाळीत राहून बघा. रोमच्या भाड्याच्या इमारती इतक्या चढत होत्या की ऑगस्टसला सुमारे २० मीटरची मर्यादा घालावी लागली. वरचे मजले गरिबांचे, आग लागली की तेच अडकणार. आमच्या दहा बाय बारात नऊ जण निजायचे. पुढे सम्राट ऑरेलियनने शहराभोवती बांधलेल्या तटाच्या आत जेमतेम १४ चौरस किलोमीटर, तिथे दहा लाख मला अजिबात अशक्य वाटत नाहीत.
पण धागाकर्त्याशीही असहमत. ८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, आमची गल्ली ओस पडली नाही.

टायबरकाठी:
अहो, निम्मे कोकणात गेले की!

गिरगावकर:
गाव होतं म्हणून गेले. चार पिढ्या रोममध्ये काढलेल्याला गाव कुठलं?

टायबरकाठी:
एखाद्या जमीनदाराच्या शेतावर कूळ म्हणून. पोट भरलं म्हणजे झालं. मात्र गावाचा मुद्दा बिनतोड आहे, मानलं.

पाणक्या:
सगळे गव्हावर बोलताय, दळणाचं काय? ५३७ मध्ये, तोतिलाच्या आधीचा राजा वितिगेस याच्या गॉथांनी शहराला वेढा घातला, शहराला पाणी आणणारे कालवे तोडले आणि जॅनिक्युलम टेकडीवरच्या पाणचक्क्या थांबल्या. कोठारात गहू, पीठ नाही. शहर राखणारा पूर्व रोमन सेनापती बेलिसारियस, त्याने टायबर नदीत दोन-दोन होड्या शेजारी बांधून मध्ये चाक सोडलं आणि प्रवाहावर दळण सुरू केलं. गॉथांनी ते मोडायला वरून ओंडके आणि प्रेतं सोडली. मग त्याने साखळ्या लावून ती अडवली. बायकामुलं आणि बरेचसे गुलाम त्याने नेपल्सकडे पाठवले. पुढे तोतिलाच्या वेढ्यात लोक तटाजवळचा खाजरा पाला उकडून खात होते. याला रेशन कपात म्हणायचं? हे सरळ युद्ध आहे. तुमची जहाजं तेव्हा शंभर वर्षं जुनी गोष्ट.

टायबरकाठी:
वर्णन झकास, निष्कर्ष चुकला. पाणी तुटलं तेव्हा दहा लाखांतले बहुतेक आधीच गेलेले होते. तुम्ही शेवटच्या हजारोंची गोष्ट सांगताय, मी पहिल्या लाखोंची.

अर्धवट_पुणेकर:
आणि रोगराई? १६५ नंतरच्या साथी कुठे गेल्या? १८९ मध्ये दिवसाला दोन हजार दगावल्याचं रोमन इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो. ते शहर माणसं खायचं आणि खेड्यांतून नवी मागवायचं. मागवणं थांबलं, एवढंच झालं असेल.

पाणक्या:
'एवढंच' म्हणे. पुढे फोरमचं, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकाचं, नाव कांपो वाच्चिनो पडलं, म्हणजे गुरांचं कुरण. १८७० मध्येही रोम सव्वादोन लाखांच्या आसपासच होतं. दहा लाख पुन्हा गाठायला १९३० चं दशक उजाडलं.

अर्धवट_पुणेकर:
'पुन्हा' कशाला म्हणता? पहिल्यांदा गाठले होते हेच तर मी मानत नाही.