मदत हवी आहे: सनीव्हेलला सहा आठवडे मुक्काम, बे एरियात (कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) कोणते पब्लिक गोल्फ कोर्स खेळावेत?

नमस्कार मंडळी,

१५ सप्टेंबरला मी आणि सौ. सनीव्हेलला मुलीकडे येतो आहोत, ते ऑक्टोबरअखेरपर्यंत. याआधीच्या दोन्ही खेपा नातवाच्या बारशात आणि दुखण्याखुपण्यात गेल्या. आता तो नऊ वर्षांचा आहे, शाळेतल्या मित्राच्या नादाने गोल्फची स्टिक हातात घेतो आणि फोनवर मला त्याचा स्विंग दाखवतो. त्यामुळे या वेळी बॅग बरोबर आणायचं पक्कं केलं आहे.

माझ्याविषयी थोडं सांगतो, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. वय ६७, लष्करातून निवृत्त. पुण्यात लष्कराच्या कोर्सवर वीस वर्षं आठवड्यातून तीनदा खेळतो. हँडिकॅप १९, म्हणजे पारपेक्षा (ठरलेल्या फटक्यांपेक्षा) साधारण १९ फटके जास्त. उजव्या गुडघ्याची तक्रार आहे. सपाट कोर्स असेल तर अठरा होल चालतो, चढ-उतार असले तर शेवटचे चार-पाच होल जड जातात. बग्गीत बसून खेळायला मनापासून आवडत नाही, पण अगदीच नाइलाज असेल तर बसेन.

मुलगी-जावई म्हणतात, बाबा, पैशाचा विचार करू नका. मी करणार. ग्रीन फीसाठी सगळे मिळून ६०० डॉलर बाजूला काढले आहेत, त्यात पाच-सहा राऊंड व्हावेत अशी इच्छा आहे. नकाशावर पाहिलं तर तासाभराच्या अंतरात इतके कोर्स दिसतात की डोकं चालेनासं होतं. हार्डिंग पार्क, प्रेसिडियो, लिंकन पार्क, शार्प पार्क, पालो आल्टो, अलामीडा, सांताक्रूझ. यातले कोणते घ्यावेत आणि कोणते सोडावेत?

आणखी काही शंका. एकटा माणूस टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घेऊ शकतो का, की चौघांचा गट जमवूनच जावं लागतं? कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) नसतो हे ऐकून आहे, मग बॅगचं काय करतात? सौ. खेळत नाहीत, पण इथे माझ्याबरोबर कधीमधी चालतात. तिथे चालू देतात का? आणि नातवाला बरोबर घेऊन खेळता येईल अशी जागा कोणती?

शेवटची गोष्ट प्रश्न नाही, पण लिहायची आहे. माझा कॅडी वीस वर्षं माझ्याबरोबर आहे. माझ्या पटिंगमध्ये जे काही बरं आहे ते त्याने शिकवलेलं आहे. ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) बसून तो उतार वाचतो आणि बोटाने जागा दाखवतो, मी फक्त तिथे मारतो. तो स्वतः माझ्याहून कितीतरी चांगला खेळतो, पण त्याला खेळायला आठवड्यातला एक ठरावीक दिवस मिळतो, तोही कोर्स मोकळा असेल तर. अमेरिकेला जातोय म्हटल्यावर त्याने विचारलं, "साहेब, तिथं गावाच्या मालकीची मैदानं असतात म्हणे. पैसे भरले की कुणीबी खेळू शकतं का?" मी हो म्हणालो, पण खरं सांगायचं तर मी ते कधी पाहिलेलं नाही. आपल्याकडे खारघरचा सिडकोचा कोर्स सोडला तर मला पटकन दुसरं नाव सुचत नाही. मला असे कोर्स बघायचे आहेत, जिथे फाटकावर सभासदत्व विचारत नाहीत. त्यामुळे महागड्या रिसॉर्टपेक्षा महापालिकेचे कोर्स सुचवलेत तर जास्त आवडेल.

आगाऊ आभार.

प्रतिसाद १ (सनीव्हेलकर)

काका, स्वागत! तुमच्या मुलीच्या घरापासून जवळच सनीव्हेल शहराचा स्वतःचा अठरा होलचा कोर्स आहे, शिवाय सनकन गार्डन्स नावाचा नऊ होलचाही. नातवाला तिथे न्या, मोठ्या कोर्सवर मुलं कंटाळतात. पहिल्याच आठवड्यात, जेट लॅगमुळे पहाटे तीनला जाग येते तेव्हा, सकाळचा पहिला टी टाइम घ्या. शहराबाहेरच्यांसाठी आणि रहिवाशांसाठी दर वेगळे असतात, हे इथे बहुतेक सगळ्या महापालिकांच्या कोर्सवर दिसेल. बुक करताना नीट बघा.

प्रतिसाद २ (मर्सेडकाठी)

सर, मी सॅन फ्रान्सिस्कोत १८ वर्षं आहे आणि शहराच्या कोर्सवरच खेळायला शिकलो. तुमच्या कॅडीचा प्रश्न वाचल्यावर सविस्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

आधी सोप्या शंका. एकट्याने या, काही अडचण नाही. ऑनलाइन एकट्याची जागा मिळाली नाही तर प्रो शॉपला फोन करा. स्टार्टर (खेळाडूंना क्रमाने सोडणारा माणूस) तुम्हाला दोघांच्या किंवा तिघांच्या गटात घालतो. मी असाच एकदा एका बसचालकाबरोबर, एका निवृत्त नर्सबरोबर आणि एका कॉलेजच्या पोराबरोबर खेळलो आहे. चौघं अनोळखी, पण दुसऱ्या होलपर्यंत एकमेकांचे बॉल शोधायला लागतात. तुमच्या कॅडीला हे जरूर सांगा.

बॅगसाठी तीन चाकांची पुश कार्ट भाड्याने मिळते. सपाट जागी तिचा काही त्रास नाही, चढावर मात्र ढकलताना गुडघ्याला कळतं. म्हणून कोर्स निवडताना नावापेक्षा जमीन पाहा.

आता हार्डिंग पार्क. १९२५ साली सुरू झालेला, लेक मर्सेडच्या काठचा, सायप्रसच्या जुन्या झाडांचा. शहराच्या मालकीचा असूनही २०२० ची पीजीए चॅम्पियनशिप, गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक, इथेच झाली. कोविडमुळे प्रेक्षक नव्हते. कॉलिन मोरिकावाने शेवटच्या दिवशी सोळाव्या होलवर ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारणाऱ्या स्टिकने) थेट ग्रीन गाठून ईगल (पारपेक्षा दोन फटके कमी) केला आणि जिंकला. आणि याच कोर्सचे हाल असे होते की १९९८ साली शेजारच्या ऑलिंपिक क्लबवर गोल्फचं यूएस ओपन झालं, तेव्हा याच्या फेअरवेवर (खेळायच्या मुख्य हिरवळीवर) गाड्या उभ्या केल्या होत्या! पुढे अमेरिकन गोल्फ संघटनेचे माजी अध्यक्ष सँडी टेटम यांनी पाठपुरावा करून कोर्सचं पुनरुज्जीवन करवून घेतलं आणि २००३ मध्ये तो पुन्हा उघडला. मला हा कोर्स फार प्रिय आहे. तरीही तुमच्या बजेटमध्ये मी तो घेणार नाही. बाहेरच्या माणसाला एका राऊंडचे २०० डॉलरच्या पुढे जातात, म्हणजे तुमचा एक-तृतीयांश पैसा एका दिवसात संपला. त्याऐवजी त्याच आवारातला फ्लेमिंग हा छोटा नऊ होलचा कोर्स नातवाबरोबर खेळा. मोठ्या कोर्सचे होल त्याच्या चारी बाजूंनी आहेत, तीच झाडं, तीच हवा. खेळून झाल्यावर क्लबहाउसमधून अठरावं ग्रीन बघत सँडविच खा.

पैसे खर्च करायचे असतील तर प्रेसिडियोवर करा, आणि तुम्ही तर नक्कीच करा. १७७६ मध्ये स्पॅनिश लोकांनी उभारलेला हा लष्करी तळ. गोल्फ कोर्स १८९५ चा. जवळजवळ शंभर वर्षं तो लष्करी लोकांचा आणि खासगी क्लबच्या सभासदांचाच होता. १९९४ मध्ये सैन्य गेलं, तळाचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९५ पासून कोर्स सगळ्यांना खुला झाला. लष्कराच्या कोर्सवर आयुष्य काढलेल्या माणसाने असा कोर्स बघायलाच हवा. पण चढ-उतार भरपूर आहेत, इथे बग्गी घ्या आणि वाईट वाटून घेऊ नका.

चालायचं असेल तर शार्प पार्क. पॅसिफिका नावाच्या गावात समुद्राला लागून, पण मालकी सॅन फ्रान्सिस्को शहराची. सपाट आहे, १९३२ चा आहे, आणि आखणी अ‍ॅलिस्टर मॅकेंझी यांची. मास्टर्स स्पर्धा जिथे होते ते ऑगस्टा नॅशनल विख्यात गोल्फपटू बॉबी जोन्सबरोबर ज्यांनी आखलं तेच हे. पेशाने डॉक्टर, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात शल्यचिकित्सक म्हणून होते. तिथे बोअर सैनिक जमिनीचाच आडोसा करून कसे लपतात हे त्यांनी पाहिलं, पहिल्या महायुद्धात कॅमफ्लाजचं (सैन्य लपवण्याचं) काम केलं आणि तीच नजर गोल्फच्या बंकरांत, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांत, आणली. शार्प पार्कची आज तब्येत यथातथाच असते, गवत कधी विरळ, कधी ओलं. पण इतक्या मोठ्या माणसाने आखलेल्या मैदानावर कोणीही साधी फी भरून खेळू शकतो, असं जगात फार ठिकाणी नाही. मधल्या तळ्यात बॉल गेला तर शोधायला उतरू नका, तिथे संरक्षित बेडूक आणि साप आहेत.

सांताक्रूझचा पासाटिएम्पो हाही मॅकेंझींचाच, १९२९ चा. सहाव्या फेअरवेशेजारी त्यांचं घर होतं. अप्रतिम आहे, पण फी ३०० च्या पुढे आणि जमीन डोंगराळ. या खेपेला सोडा.

लिंकन पार्कबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. खेळाच्या दृष्टीने तो सामान्य आहे आणि चढही आहेत. पण सतराव्या होलवर उभं राहिलं की गोल्डन गेट ब्रिज समोर दिसतो. आणि कोर्सला लागूनच लीजन ऑफ ऑनर संग्रहालय आहे. तुम्ही खेळत असताना वहिनी आत जाऊन फ्रेंच शिल्पकार रोदँची शिल्पं बघू शकतील. पूर्वी ही जागा दफनभूमी होती, चिनी लोकांच्या अंत्यविधीसाठी बांधलेली एक वास्तू अजून कोर्सवर उभी आहे.

प्रतिसाद ३ (कूपर्टिनोची मावशी)

काका, मर्सेडकाठी यांनी शहराकडचं छान लिहिलंय, मी दक्षिणेकडचं सांगते. तुमच्या गुडघ्यासाठी पालो आल्टोचा बेलँड्स सर्वांत बरा. २०१८ मध्ये नव्याने आखून उघडला, खाडीकाठी सपाट जमीन, झाडं जवळजवळ नाहीत. दुपारनंतर वारा असा सुटतो की १५० यार्डांना नेहमीपेक्षा दोन नंबर लांब मारणारी स्टिक घ्यावी लागते, त्यामुळे सकाळीच जा. माउंटन व्ह्यूचा शोअरलाइनही शहराचाच आहे, कचराभूमीवर माती टाकून उभा केलेला. त्याला लागून मोठं तळं आणि चालायची वाट आहे, काकू तिथे निवांत फिरतील. खेळाडूंबरोबर फेअरवेवर चालायला मिळेल की नाही हे मात्र प्रत्येक ठिकाणी आधी विचारावं लागतं. बॉल लागायची भीती असल्यामुळे बरेच जण नाही म्हणतात.

नातवासाठी कूपर्टिनोचा डीप क्लिफही बघा. अठरा होल, पण छोटे छोटे, मुलांना झेपणारे. माझी मुलगी तिथेच शिकली. पहिल्यांदा एका होलवर पार केला तेव्हा तिने तो बॉल आठवडाभर उशीखाली ठेवला होता.

एक सूचना. या दिवसांत बरेच कोर्स ग्रीनला भोकं पाडून वाळू भरतात. बुक करण्याआधी तारीख विचारा, नाहीतर पुण्याहून आणलेला पटर उड्या मारणारा बॉल बघत बसेल.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मर्सेडकाठी, प्रेसिडियोबद्दल वाचून रात्री झोप लागली नाही. सौ. लीजन ऑफ ऑनरबद्दल वाचून खूश आहेत, त्यांनी तो दिवस परस्पर ठरवूनही टाकला.

सध्याचा बेत असा: सनीव्हेल, बेलँड्स, शार्प पार्क, प्रेसिडियो बग्गीने, लिंकन पार्क, आणि नातवाबरोबर फ्लेमिंग. हार्डिंगचा मोठा कोर्स सोडताना जड वाटतंय, पण पटलं. अलामीडाबद्दल कोणी काहीच लिहिलं नाही, तो घ्यावा का? आणि दुपारनंतर कमी दर असतो म्हणतात, तो परवडेल का?

प्रतिसाद ४ (मर्सेडकाठी)

अलामीडाचा कोरिका पार्क, साउथ कोर्स, जरूर घ्या, वाटल्यास लिंकनऐवजी. पण वहिनींनी दिवस ठरवला आहे तेव्हा लिंकन काढू नका, सनीव्हेल काढा. कोरिका शहराचाच, सपाट, २०१८ मध्ये रीस जोन्स यांनी नव्याने आखलेला. जमीन कडक, बॉल लांब घरंगळतो. ग्रीनभोवती उंच चिप मारण्यापेक्षा पटर काढा.

ट्वायलाइटचा (दुपारनंतरचा) दर सप्टेंबरात फायद्याचा. तीनला सुरुवात केलीत तर सूर्य सातच्या सुमारास मावळतो, अठराच्या जवळपास होतात. ऑक्टोबरअखेर तो सव्वासहाला मावळतो, तेव्हा बारा-तेरा होलवर अंधार पडेल. म्हणून शार्प पार्क सप्टेंबरात, ट्वायलाइटला घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात किनाऱ्यावरचं धुकं कमी असतं, तरी स्वेटर बॅगेत ठेवा. दुपारी सनीव्हेलला घाम येत असतो आणि पॅसिफिकात दात वाजतात.

आणि सर, प्रेसिडियोला मी तुमच्याबरोबर खेळायला येतो. तारीख कळवा, दोघांचा टी टाइम मी घेतो, उरलेले दोन स्टार्टर देईल.

धागाकर्ता

तारीख कळवतो. एक विनंती आहे. प्रेसिडियोच्या स्कोअरकार्डावर चौघांचीही नावं आणि पेशा लिहून चौघांनीही सही करायची, चालेल ना? ते कार्ड मला पुण्याला न्यायचं आहे. माझ्या कॅडीने विचारलं होतं, कोण कोण खेळतं तिथे.