क्षमा फुकट आहे तर मग बलिदान कशाला?

शोधयात्री:
मी ख्रिस्ती नाही पण सध्या बायबल वाचतोय आणि एका जागी अडकलोय. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत पोरगा वाट्याची इस्टेट उडवून घरी परततो, आणि बाप पोराने तोंड उघडायच्या आधीच धावत जाऊन त्याला मिठी मारतो, दंड नाही, बळी नाही, काही नाही. मग येशूला वधस्तंभावर मरायची गरज काय होती, देवाला सरळ 'जा, माफ केलं' म्हणता आलं नसतं का? आणि दुसरं म्हणजे ज्याने आपल्या आयुष्याची वाट लावली त्यालाही माफ करायचं हे मला झेपतच नाहीये. वाद घालायचा नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

जुना_वाचक:
आधी बायबलच्या जुन्या करारातलं लेवीय 16 वाचा, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा अध्याय. दोन बकरे असायचे, एकाचा बळी द्यायचे, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं कबूल करायचा आणि मग त्याला जिवंतच रानात सोडायचे. म्हणजे पाप नुसतं जाऊ दे म्हटल्याने जात नाही, कोणीतरी ते वाहून न्यावं लागतं. पण हे दरवर्षी पुन्हा करावं लागायचं, आणि इब्री लोकांस पत्राच्या 10व्या अध्यायात तर साफच लिहिलंय की बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पापं दूर होणं शक्यच नाही. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. वधस्तंभावर माणूस देवाला काही अर्पण करून खूश करत नाहीये, उलट देवच स्वतःला देतोय.

मरियम_०७:
+१. 'बाप चिडला आणि त्याने मुलाचा जीव घेतला' असं समजू नका प्लीज, फार जणांचा तिथेच गोंधळ होतो. बलिदानाने नेमकं काय घडतं यावर चर्चमध्येही एकच मत नाही. 1098 च्या सुमारास अँसेल्म या धर्मशास्त्रज्ञाने मांडलं की पापाने देवाचा मान मोडला आणि तो भरून काढणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं, पुढे प्रोटेस्टंट सुधारकांनी आपली शिक्षा ख्रिस्ताने घेतली यावर भर दिला, आणि ऑर्थोडॉक्स परंपरा मृत्यूवरच्या विजयाबद्दल जास्त बोलते. उधळ्या पुत्राच्या बापाचंही नुकसान झालंच होतं की, अर्धी इस्टेट नाही पण पोराच्या वाट्याची तरी गेलीच, वर गावासमोर अपमान. पोराकडून वसूल केलं नाही म्हणजे ते बापानेच सोसलं. फुकट आहे ते पोराला.

साधा_माणूस:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतो. मत्तय 18 मध्ये येशूचा शिष्य पेत्र विचारतो सात वेळा क्षमा करू का, येशू म्हणतो सातांच्या सत्तर वेळा, आणि मग कर्जदाराची गोष्ट सांगतो. एकाला दहा हजार तालांत माफ होतात. एक तालांत म्हणजे साधारण 6000 दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, फिटणं शक्यच नाही! आणि तोच माणूस बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. पण तुमचे शंभर दिनारही, म्हणजे तुमचं झालेलं नुकसानही खरंच आहे, तीन महिन्यांची कमाई आहे ती, येशू काही तुमचं दुःख खोटं आहे असं म्हणत नाही.

आणि क्षमा म्हणजे शिक्षा रद्द असंही नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर 1981 मध्ये गोळ्या झाडणाऱ्या अलि आग्जाला त्यांनी क्षमा केली, 1983 मध्ये तुरुंगात जाऊन भेटलेही, पण तो इटलीच्या तुरुंगात 2000 पर्यंत होताच.

शोधयात्री:
हे पटतंय, पण समोरच्याने माफी मागितलीच नाही तर?

मरियम_०७:
वधस्तंभाखाली तरी कोणी मागितली होती? तिथे शिपाई कपडे वाटून घेत होते आणि येशू त्यांच्यासाठी क्षमा मागत होता. पण नातं पुन्हा जुळायला समोरच्याने वळावं लागतं, जक्कय हा जकातदार बघा, लूक 19, फसवून घेतलेलं चौपट परत देतो म्हणाला. तो वळला नाही तर तुम्ही सूड सोडा, मनातून त्याला मोकळं करा, पण त्याच्या घरी परत जायलाच पाहिजे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, आणि गुन्हा असेल तर तक्रारही करा.

शोधयात्री:
थँक्स, कोणीतरी हे इतकं स्पष्ट सांगायला हवं होतं. आता इब्री लोकांस पत्र सुरुवातीपासून वाचतो.