दाव्हिदच्या लाव्हाझिए दाम्पत्यात श्रीमंती दिसते कुठे?

पांढरा_कागद:
फ्रेंच चित्रकार झाक-लुई दाव्हिदने १७८८ मध्ये रंगवलेलं रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्याच्या पत्नीचं व्यक्तिचित्र (न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं) २४ × १८ इंचात नक्कल करायला घेतलंय. नवअभिजात (निओक्लासिकल) व्यक्तिचित्रात पेहराव आणि वस्तूंवरून माणसाचा दर्जा कळतो असं पुस्तकात असतं. पण इथे तो साध्या काळ्या कपड्यात, ती पांढऱ्या झग्यात, दागिने जवळपास नाहीत. मग दर्जा दाखवलाय कशाने? आणि नकलेत काय सांभाळलं नाही तर तो हरवतो?

तिरपा_उजेड:
आधी माप बघा. मूळ चित्र साधारण २६० × १९५ सेंमी आहे, आकृत्या जवळपास खऱ्या माणसाएवढ्या. एवढा कॅनव्हास सहसा राजघराण्याला किंवा पुराणकथेला मिळायचा. दाव्हिदने ७,००० लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) घेतले, तेही त्या काळच्या व्यक्तिचित्रासाठी दांडगे. म्हणजे श्रीमंती आकारातच आहे, अंगावर मिरवायची गरज उरलेली नाही.

मागची भिंत बघा: सपाट अर्धस्तंभ, करडा रंग, उडता पडदा नाही. आधीच्या दरबारी चित्रांत पडदा, सोनेरी महिरप, कुत्रा असा सगळा संसार असे. इथे तो काढून टाकल्यामुळे नजर तीन जागी जाते: दोन चेहरे, तिचा हात, आणि टेबलावरची वायू गोळा करायची काचेची उपकरणं. जमिनीवर पितळी तोटीचा मोठा गोल काचेचा फुगा आहे. पेन त्याच्या हातात, समोर लिहिलेले कागद. डावीकडे खुर्चीवर चित्रांची फाइल, ती तिची. ती, म्हणजे मारी-आन, दाव्हिदकडेच चित्रकला शिकली होती आणि नवऱ्याच्या १७८९ च्या रसायनशास्त्राच्या ग्रंथातले १३ चित्रफलक तिने केले.

यावरून काहीजण या चित्रात ‘बरोबरीचं लग्न’ बघतात, ते वाचन मात्र मला जरा घाईचं वाटतं. तो तिच्याकडे वर बघतो, ती आपल्याकडे; मान तिला आहे खरा. पण पेन त्याच्याकडे आणि तिची फाइल मागे सावलीत.

जुना_वार्निश:
वर ‘काढून टाकलं’ म्हटलंय, ते या चित्रात शब्दशः खरं आहे. २०१९ मध्ये जुनं वार्निश उतरवताना वरच्या थरातून तांबडे ठिपके डोकावताना दिसले. मग इन्फ्रारेड आणि क्ष-किरण प्रतिदीप्तीने (क्ष-किरण टाकून रंगातली मूलद्रव्यं ओळखायची पद्धत) तपासणी झाली, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. खाली निघालं ते असं: मारी-आनच्या डोक्यावर फिती आणि कृत्रिम फुलांची भलीमोठी टोपी, लाव्हाझिएच्या अंगात ब्राँझ रंगाच्या बटणांचा लांब तपकिरी कोट, सोनेरी ब्राँझकामाचं टेबल. उपकरणं नव्हतीच! ती मागाहून आली, आणि नक्षीदार टेबल तांबड्या मखमलीखाली गेलं.

लाव्हाझिएचा पैसा करवसुलीच्या इजाऱ्यातून, म्हणजे सरकारकडून घेतलेल्या ठेक्यातून यायचा. (दुसऱ्या बाजीरावाच्या काळातली इजारदारी आठवा, लोकांचा रोष तसाच.) पहिलं चित्र त्या इजारदाराचं होतं, दुसरं शास्त्रज्ञाचं. टोपीची फॅशन जुनी झाली म्हणून बदल केला की प्रतिमा सुधारायला, यावर वाद घालता येईल. तरीही १७८९ च्या सलोनमध्ये (पॅरिसच्या सार्वजनिक कलाप्रदर्शनात) हे चित्र लागलं नाही. लाव्हाझिए सरकारी दारूगोळा खात्यातही होता आणि त्या ऑगस्टमध्ये तो बंदुकीच्या दारूच्या एका प्रकरणात अडकला होता. १७९४ च्या ८ मे रोजी इजारदार म्हणूनच त्याचा शिरच्छेद झाला.

पांढरा_कागद:
म्हणजे साधेपणा हाच मुखवटा! आता नकलेचं सांगा. झगा खडूसारखा दिसतोय.

तिरपा_उजेड:
तुमचं माप मूळच्याच ४:३ प्रमाणात आहे, त्यामुळे सरळ २ इंची चौकटी आखा, १२ × ९. एक चौकट म्हणजे मुळातले सुमारे २१.६ सेंमी, जवळजवळ एका डोक्याची उंची. पूर्ण चेहरा एका चौकटीत, म्हणून पापणी अर्धा मिमी सरकली तरी तिची नजर प्रेक्षकावरून सुटते. डोळे शेवटी नको, आधी पक्के करा.

झग्यात सगळीकडे टायटॅनियम व्हाइट भरलाय म्हणून खडू. ऐंशी टक्के भाग करड्या मध्यम छटांत ठेवा, निव्वळ पांढरा चार-पाच चुण्यांच्या कडेलाच. काळ्या कपड्याला नुसता आयव्हरी ब्लॅक लावलात तर टेबलाखालून आलेला त्याचा पाय कागदातून कापल्यासारखा दिसेल. त्यात बर्न्ट अंबर आणि थोडा अल्ट्रामरीन घाला. मखमल फार भडक झाली की ती पुढे येते आणि चेहरे मागे पडतात, म्हणून खाली तपकिरी थर, तो वाळल्यावर वरून गडद तांबडं ग्लेझ (पातळ पारदर्शक थर).

कुंचल्याचे फटकारे दिसू देऊ नका, ओल्यातच मऊ सेबल कुंचल्याने मिसळा. फक्त उजेडाकडच्या कडा तीक्ष्ण राहू द्या. काच सगळ्यात शेवटी, मागचा रंग पूर्ण वाळल्यावर. तिला पांढरी बाह्यरेषा काढू नका. दोन-तीन चमका आणि काठावर किंचित गडद छटा, बास.