पुलाचं काम ‘बंद’ का दिसतंय

शिल्पा (सी-३०४): हायवेवरचा पूल बंद करून तीन महिने झाले. खाली एक मशीन दिसत नाही. मुलांना शाळेत सोडायला पाच मिनिटं लागायची, आता वळसा घालून चाळीस. कोणी विचारणार आहे का?

रोहन (ए-१०१): चीनमध्ये ४३ तासांत अख्खा पूल बदलला. आपल्याकडे ४३ महिने धरून चला.

जोशी काका (बी-४०२): रोहन, तो बीजिंगचा सानयुआन पूल, नोव्हेंबर २०१५. ४३ तास खरे, पण ते जुना वरचा भाग काढून नवा बसवायचे. नवा भाग आधीच तयार करून ठेवला होता. परीक्षा तीन तासांची असते रे, अभ्यास नाही.

शिल्पा: काका, इथे अभ्याससुद्धा दिसत नाही!

जोशी काका: बाल्कनीतून पुलाची कड बघ. मोठे पाइप लोखंडी चौकटीवर चढवलेत ना? पाण्याची लाइन, वीज, फायबर, सगळं पुलाच्या पोटातून जात होतं. ते हलवल्याशिवाय पुलाला हात लावता येत नाही. आणि गर्डर, म्हणजे पुलाच्या लांब तुळया, दुसरीकडे यार्डात ओततात, ते तुला बाल्कनीतून कुठून दिसणार?

शहा (ए-५०३): गेटजवळच्या पांढऱ्या गाडीचे लाइट चालू राहिलेत. कोणाची आहे?

रोहन: मग जुना पूल सुरुंग लावून उडवायचा. एका रात्रीत विषय संपला.

जोशी काका: पुण्याच्या चांदणी चौकात लावले होते. २ ऑक्टोबर २०२२, मध्यरात्री, सुमारे ६०० किलो स्फोटकं. तरी पूल पुरता पडला नाही, उरलेला मशीनने पाडावा लागला.
आपला पूल प्रीस्ट्रेस्ड आहे. गर्डरच्या आत ताणलेल्या पोलादी तारा असतात. वरचा स्लॅब काढला की वजन उतरतं, तारांचा ताण मात्र तेवढाच राहतो. मग गर्डर धनुष्यासारखा वर फुगायला बघतो. दोन गर्डरना जोडणाऱ्या आडव्या भिंती कापल्या की तो एकटा पडतो आणि कलंडू शकतो. म्हणून आधी क्रेनने धरायचा, मग कापायचा. हे सगळं चालत्या हायवेच्या डोक्यावर.

सुलभाताई (बी-२०१): म्हणजे रात्रभर ठोकाठोकी? आमच्याकडे आजारी माणूस आहे.

जोशी काका: डायमंड वायरने, म्हणजे हिऱ्याचे मणी लावलेल्या तारेने, कापणार असतील तर ठोकाठोकी कमी. घरघर येईल, पाणी वाहील, पण ब्रेकरपेक्षा पुष्कळ बरं. कोणती पद्धत वापरणार ते विचारून घेऊ, ताई.

शिल्पा: पण रात्री बारा ते पाच हायवे बंद ठेवला तर महिनाभरात उरकायला काय हरकत आहे?

जोशी काका: पाच तास नुसते म्हणायला. हिशेब पाचपासून मागे करायचा. पाचला गाड्या सोडायच्या म्हणजे साडेचारला रस्ता झाडून तयार हवा, आणि तीननंतर नवा गर्डर क्रेनच्या हुकला लावायचाच नाही. नोकरीत असताना आम्ही एकदा सव्वातीनला लावला. बसवल्यावर बघतो तर बेअरिंग, म्हणजे गर्डरखालचं ते पाटाएवढं जाड रबर, बोटभर सरकलेलं. तसंच सोडलं तर वजन एका कडेवर येतं आणि रबर फाटतं. गर्डर परत उचलला. हायवे साडेसहाला उघडला. तोवर ट्रकवाल्यांनी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

रोहन: ओके काका, शरण.

जोशी काका: शरण कशाला? शिल्पाचं गाऱ्हाणं खरंच आहे. पत्र द्या, फक्त ‘काम सुरू करा’ असं मोघम नको. गाड्यांना वळसा दिला, पायी जाणाऱ्यांना काय दिलं? लोक दुभाजक ओलांडून पळतायत. तात्पुरता पादचारी पूल आधीच उभा राहायला हवा होता, तो कधी ते तारखेसकट मागा. आणि रात्रीच्या ब्लॉकच्या तारखा आठवडाभर आधी.

शिल्पा: मसुदा टाकते रात्री. तुम्ही बघाल ना?

जोशी काका: बघतो. अजून एक. शेवटी लोड टेस्ट होईल. नव्याकोऱ्या पुलावर भरलेले ट्रक दिवसभर नुसते उभे दिसतील. ट्रक काढल्यावर २४ तासांत पुलाचा वाक किमान ८५ टक्के परत यावा लागतो. तेव्हा ‘पूल झालाय, मग उघडत का नाहीत’ असं इथे कोणी लिहायचं नाही.

रोहन: मी तेच लिहिणार होतो.

शहा (ए-५०३): पांढरी गाडी!! बॅटरी उतरेल हो.