मनगटावरची पट्टी

रुग्णालयांच्या दर्जाच्या मानांकनांबद्दल एका ताईंनी लिहिलंय की ती खाजगी रुग्णालयांसाठीच, सरकारी दवाखान्याला कोण विचारतो. तसं नाही. खाजगीत जसं एनएबीएच हे मानांकन, तसं सरकारीसाठी केंद्राचं एनक्यूएएस, म्हणजे राष्ट्रीय गुणवत्ता मानकं, आहे. त्यात दर्जाच्या आठ बाजू तपासतात आणि प्रमाणपत्राला किमान 70 टक्के गुण लागतात. स्वच्छतेसाठी 2015 पासून ‘कायाकल्प’ ही केंद्राची पुरस्कार योजना वेगळी. म्हणजे गोव्यातल्या वाळपई-डिचोलीसारख्या गावच्या माणसालाही आपल्या सरकारी दवाखान्याला मानांकन आहे का, हे विचारायचा हक्क आहे.

पण मला मानांकनाची खरी किंमत कळली ती आईला फोंड्याला एका खाजगी रुग्णालयात ठेवलं तेव्हा. नर्स इंजेक्शन घेऊन आली, ‘सात नंबर ना?’ म्हणाली आणि हात धरला. आदल्या रात्रीच आईची खाट बदलली होती! मनगटावरची पट्टी कोणी वाचलीच नाही. मी अडवलं म्हणून निभावलं. नाव आणि नोंदणी क्रमांक अशा दोन खुणा जुळवायच्या, खाटेचा नंबर कधीच धरायचा नाही, हा मानांकनातला अगदी प्राथमिक नियम.

दर्शनी भागात प्रमाणपत्र लावलेलं असेल तर त्यावरची मुदतही बघा. ती संपलेली असू शकते.