मदत हवी आहे: लॅब सर्व्हरवरच्या जुन्या फायली बाहेर काढायच्यात

तापीकाठ
भुसावळच्या कॉलेजातला आमचा सर्व्हर ९७ टक्के भरलाय. जुन्या फायली ऑफलाइन, म्हणजे नेटवर नाही तर वेगळ्या डिस्कवर टाकून इथून उडवायच्यात. कमांड सांगा, सोमवारी प्रॅक्टिकल आहे. लिंका नकोत.

धुळेकर
लिनक्स की विंडोज? किती टीबी? डिस्क कोणत्या फॉरमॅटची? जुन्या म्हणजे किती जुन्या?

तापीकाठ
उबुंटू. ६ टीबी, साठेक युजर. डिस्क ८ टीबी, दुकानातून आणली तशीच. वर्षभर कुणी उघडल्या नाहीत त्या फायली.

केळीबाग
तशीच म्हणजे बहुतेक एक्सफॅट फॉरमॅट. त्यावर मालक, ग्रुप, परवानग्या काही उतरत नाही. आधी ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) करा, मग युजरवार टार, म्हणजे सगळ्या फायली एकात बांधा, तेही रूटनेच (मुख्य अ‍ॅडमिन खात्याने). जीझिपने दाबून लहान करू नका. मध्ये थोडं बिघडलं की पुढचं सगळं गेलं. डिस्क यूएसबी ३ च्या पोर्टात लावा, २ मध्ये ६ टीबीला दोन दिवस लागतील.

सातपुडा
डिस्क कशाला? चुंबकीय टेप घ्या. एलटीओ-८ जातीच्या एका कार्ट्रिजमध्ये १२ टीबी मावतं.

केळीबाग
टेपचा ड्राइव्ह लाखांत जातो, वर तो जोडायला एसएएस कार्ड. पैसे तुम्ही देता का भो?

सातपुडा
पाच वर्षांनी कपाटातली डिस्क फिरली नाही की विचारेन.

केळीबाग
म्हणून तर दोन डिस्क घ्यायच्या, दोन्ही वेगळ्या खोल्यांत.

धुळेकर
भांडण नंतर. फायली शोधणाऱ्या फाइंड कमांडला ए-टाइम (फाइल शेवटची वाचल्याची वेळ) देण्याआधी माउंट, म्हणजे डिस्क कोणत्या सेटिंगने जोडलीय ते बघा. नोएटाइम (वाचल्याची नोंदच नाही) असेल तर रोज उघडणारी फाइलही जुनाट दिसेल आणि चालू काम उडेल.

शिरपूरवाला
रिलेटाइम सेटिंगलाही तेच ना?

धुळेकर
नाही. फाइल वाचली की रिलेटाइम दिवसातून एकदा तरी नोंद बदलतो, वर्षाच्या हिशोबाला पुरे. पण रात्रीचा बॅकअप फायली वाचत असेल तर सगळंच ताजं दिसतं. मग एम-टाइमने (फाइल शेवटची बदलल्याची वेळ) यादी काढा आणि उडवण्याआधी युजरांना दाखवा.

केळीबाग
शा-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) मूळ आणि प्रतीचा जुळवल्याशिवाय काही उडवू नका. डिस्क काढून परत लावा, मग वाचा. नाहीतर रॅममधली प्रतच तपासली जाते आणि सगळं जुळतं.

शिरपूरवाला
क्लाउडवर टाका की. झंझट नाही.

केळीबाग
प्रश्नात ऑफलाइन लिहिलंय.

सातपुडा
आणि डिस्क पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४५ अंश असतं. लाईटचं काय चाललंय हो तिकडे?

शिरपूरवाला
विचारू नका, कालपण दुपारभर नव्हती. कॉपी मध्येच तुटली तर?

धुळेकर
म्हणून यूपीएस. आणि अर्धवट राहिलेला टार टाकून पुन्हा करायचा, त्यावर भरवसा नाही.

तापीकाठ
३ टीबी हलवून उडवलं. चेकसम जुळले. पण डीएफ कमांडमधला भरलेल्या जागेचा आकडा जागचा हलत नाही!

धुळेकर
तीन कारणं. फाइल उडवली पण कुणाची प्रोसेस अजून धरून आहे, ते एलएसओएफ कमांडने सापडेल. किंवा हार्डलिंक, म्हणजे त्याच फाइलचं दुसरं नाव, दुसरीकडे शिल्लक आहे. किंवा स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची आधीची जपलेली स्थिती.

तापीकाठ
स्नॅपशॉट कुठे बघायचे?

केळीबाग
ते सर्व्हरच्या फाइलसिस्टीमवर (डिस्कच्या फॉरमॅटवर) अवलंबून आहे. कोणती, ते सांगितलंच नाही तुम्ही.