फाइलसिस्टीम कोसळली की "ताज्या कर्नलवर पुन्हा घडवून दाखवा" ही अट रास्त आहे का?

जर्नलवाचक (धागाकर्ता)

लिनक्सच्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवरच्या फाइल्सची मांडणी सांभाळणारा भाग, कोसळल्याचा बग नोंदवला की बहुतेक वेळा पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ताजा मेनलाइन कर्नल (मूळ प्रकल्पाची ताजी आवृत्ती) टाका, त्यावर पुन्हा घडवून दाखवा, मग बघू. लिनक्स कर्नलच्या स्वतःच्या कागदपत्रांतही बग नोंदवणाऱ्याला हाच रस्ता सांगितला आहे. वायफाय किंवा साउंडच्या ड्रायव्हरसाठी तो ठीक आहे. फाइलसिस्टीमच्या बाबतीत मात्र 'पुन्हा घडवा' याचा अर्थ आधीच बिघडलेल्या डिस्कवर आणखी लिहा असा होतो, आणि त्या लिहिण्यात पहिल्या वेळच्या खुणा पुसल्या जातात. म्हणून माझं मत असं की फाइलसिस्टीमच्या बगला ही अट पहिली नसावी. आधी पहिल्या कोसळण्याचा पुरावा मागा, तो नीट वाचा, आणि गरज उरली तरच मेनलाइनचा विषय काढा.

खुणा किती सहज जातात ते बघा. एक्स्ट४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टीममध्ये पहिली चूक कधी सापडली, कर्नलच्या कोणत्या फंक्शनमध्ये, कितव्या ओळीवर, कोणत्या आयनोडवर (फाइलच्या नोंदीवर), हे सगळं सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे फाइलसिस्टीमच्या मुख्य नोंदीत, लिहिलेलं असतं. शेवटच्या चुकीचंही तसंच, आणि सोबत चुकांची एकूण संख्या. डम्पई२एफएस ही कमांड नुसती हेडरपुरती चालवली तरी दिसतं. लॉग हरवला असला तरी एवढं हाती लागतं. पण लोक मशीन रीबूट करतात, एफएससीके (फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारं टूल) चालवतात, सगळ्या प्रश्नांना 'हो' म्हणतात, आणि दुरुस्ती पार पडली की ती नोंद साफ होते.

"मी फक्त रीड-ओन्ली माउंट करून पाहिलं, काहीच लिहिलं नाही," असंही पुष्कळ जण मनापासून सांगतात. एक्स्ट४ काय किंवा एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टीम काय, जर्नलमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) काम बाकी असेल तर रीड-ओन्ली माउंट करतानाही ते रिप्ले होतं (पूर्ण केलं जातं), म्हणजे डिस्कवर लिहिलं जातं. ते थांबवायला एक्स्ट४ला नोलोड आणि एक्सएफएसला नोरिकव्हरी हा पर्याय द्यावा लागतो. त्याहून बरं म्हणजे ब्लॉक डिव्हाइसच (डिस्क किंवा पार्टिशन) आधी रीड-ओन्ली करून ठेवावं.

आणि लॉग. रूट फाइलसिस्टीमच रीड-ओन्ली झाली की सिस्टीम लॉग त्याच डिस्कवर लिहिणार कुठे? सगळ्यात महत्त्वाच्या ओळी फक्त मेमरीत उरतात. रीबूट करण्याआधी डीमेसेजचं (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडचं) आउटपुट पेनड्राइव्हवर किंवा नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर घेतलं नाही तर ते कायमचं गेलं. बग घेणाऱ्यानं पहिला प्रश्न याबद्दल विचारायला हवा. मेनलाइन कुठे पळून जात नाही.

पॅचवाला

मी पूर्ण विरोधात आहे, आणि कारण आळस नाही.

वितरणांचे (डेबियनसारख्या तयार लिनक्सचे) कर्नल नावाला जुने असतात, आत शेकडो पॅच (कोडमधले बदल) मागून आणून बसवलेले असतात. तुमच्या सुपरब्लॉकमधला ओळ क्रमांक माझ्यासमोरच्या कोडशी जुळतच नाही. मी नेमकं काय वाचू?

डिसेंबर २०२३ घ्या. कर्नल ६.१.६४ मध्ये एक्स्ट४वर डेटा खराब होऊ लागला. डायरेक्ट आयओशी (कॅश टाळून थेट डिस्कवर वाचण्या-लिहिण्याशी) संबंधित एक्स्ट४चा पॅच जुन्या शाखेत आणला गेला, पण तो ज्यावर उभा होता तो आयओमॅप या सामायिक कोडमधला पॅच आणायचा राहिला. डेबियनला १२.३ च्या इमेज रोखाव्या लागल्या आणि पाठोपाठ १२.४ काढावी लागली. ६.१.६६ मध्ये दुरुस्ती आली. मेनलाइनमध्ये ही चूक नव्हतीच. अशा वेळी मेनलाइनवरची एक चाचणी 'इथे होत नाही' एवढं सांगते आणि अर्धा शोध तिथेच संपतो. त्या बगमध्ये ऊप्स (कर्नलनं स्वतःची गंभीर चूक लॉगमध्ये छापणं) नव्हता, वॉर्निंग नव्हती. फाइलमध्ये कुठे लिहायचं ती जागा चुकत होती आणि मेटाडेटा (फाइल्सबद्दलच्या नोंदी) ठणठणीत होता. तुमच्या सुपरब्लॉकनं काय सांगितलं असतं?

आणि खऱ्या डेटावर पुन्हा घडवा असं कोण म्हणतं? त्याच कागदपत्रांत आधी ताजा बॅकअप घ्या असंही लिहिलं आहे. डिस्कची प्रत काढा, व्हर्च्युअल मशीनमध्ये जोडा, तिथे हवं तितकं फोडा.

रात्रपाळी

तुम्ही दोघंही मशीन कोसळल्यावर निवांत बसायला वेळ असतो असं धरून चालला आहात. सर्व्हर सांभाळणाऱ्याला तो मिळत नाही. सेवा परत सुरू करायची असते, आणि तीस-चाळीस टेराबाइटची प्रत काढत बसलो तर कोणी ऐकून घेत नाही. पुरावा गोळा करायची सोय आधीच झालेली असली पाहिजे. नंतर डोकं चालवायला जागाच नसते.

मुळात ऊप्स झाल्यावर कर्नल काय करतो ते बघा. चूक ज्या प्रोसेसच्या वाटेला आली तिला मारतो आणि पुढे चालतो. त्या प्रोसेसनं फाइलसिस्टीमचं एखादं लॉक धरलेलं असेल तर ते धरलेलंच राहतं. मग तिथे येणारा प्रत्येक जण अडकतो, आणि थोड्या वेळानं लॉगमध्ये 'अमुक टास्क १२० सेकंदांहून अधिक अडकलं' अशा ओळींची रांग लागते. रिपोर्टमध्ये लोक हीच रांग पाठवतात, कारण ती सर्वांत खाली असते आणि डोळ्यांत भरते. ती परिणाम आहे. खरी गोष्ट तिच्या कितीतरी आधी, बऱ्याचदा 'कट हिअर' या रेषेखाली असते.

म्हणून आमच्याकडे ऊप्सवर पॅनिक (मशीन लगेच थांबवणं) चालू आणि केडम्प लावलेलं. मशीन पडलं की दुसरा छोटा कर्नल उठतो, मेमरी उतरवून घेतो, रीबूट करतो. दहा-पंधरा मिनिटांत सेवा परत, आणि क्रॅश टूलमध्ये निवांत बघायला पूर्ण चित्र हाती. ते जिथे नाही तिथे निदान सीरियल कन्सोल किंवा नेटकन्सोल (लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवण्याची सोय) तरी हवं.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. तो डम्प कोणालाही जसाच्या तसा देऊ नका. त्यात त्या क्षणी मेमरीत असलेलं सगळं असतं, पासवर्ड आणि लोकांच्या फाइल्ससुद्धा. मेटाडेटाच्या इमेजमध्ये फाइल्सचा मजकूर नसतो. एक्सएफएस मेटाडम्प तर नावंही आपणहून झाकतं. एक्स्ट४च्या ई२इमेजला मात्र ते वेगळं सांगावं लागतं.

नवखी

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. घरच्या मशीनवर फाइलसिस्टीम कोसळली तेव्हा मी रिपोर्ट केला होता. मेनलाइन बिल्ड करायला सांगितलं गेलं, ते जमलं नाही, आणि 'माहिती अपुरी' म्हणून तो बंद झाला. स्क्रीनचा फोटो माझ्याकडे होता, तो कोणी मागितला नाही. तेव्हा धागाकर्त्याचं दुखणं मला कळतं.

पण जर्नलवाचक, तुमची यादी तरी कुठे सोपी आहे? नोलोड, ब्लॉक डिव्हाइस रीड-ओन्ली, वर रात्रपाळींनी काढलेली मेटाडेटाची इमेज... जी व्यक्ती कर्नल बिल्ड करू शकत नाही ती घाबरलेल्या अवस्थेत हे सगळं बरोबर क्रमानं कसं करेल? रूट डिस्क असेल तर आधी दुसऱ्या कशावरून तरी बूट करावं लागतं, हेसुद्धा तुम्ही सांगितलेलं नाही. तुम्ही ओझं हलवलंत, कमी केलं नाहीत.

बिटपलट

मेनलाइन आणि इमेज या दोन्हींच्या आधीचा प्रश्न कोणी काढलाच नाही: हा बग कर्नलचा आहे तरी का? फाइलसिस्टीम हे मशीनमधलं सर्वांत संशयी कोड आहे. ते चेकसम (डेटा बदलला का ते सांगणारा आकडा) तपासतं, पॉइंटर (मेमरीतले वा डिस्कवरचे पत्ते) तपासतं, आयनोड जागेवर आहे का ते पाहतं. त्यामुळे बिघाड रॅममध्ये असो, केबलमध्ये असो की डिस्कच्या फर्मवेअरमध्ये, ओरडते फाइलसिस्टीम आणि नाव तिचंच लागतं.

ऊप्समधले रजिस्टर (प्रोसेसरमधली त्या क्षणीची मूल्यं) बघायची सवय लावा. एखादा पॉइंटर जवळजवळ बरोबर आहे, फक्त एकच बिट उलटा, असं दिसलं तर आधी मेमटेस्ट (रॅमची तपासणी) रात्रभर चालवा. ६बी ६बी ६बी अशी माळ दिसली तर तो मोकळ्या केलेल्या मेमरीवर मुद्दाम भरलेला नमुना आहे. म्हणजे कोणीतरी सोडून दिलेली वस्तू पुन्हा वापरली, आणि तो बहुधा कर्नलचाच दोष. हा नमुना डीबग पर्याय चालू असतील तरच दिसतो, पण दिसला तर बराच फाफटपसारा वाचतो. स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) सीआरसी चुकांचा, म्हणजे डेटा पाठवतानाच्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर केबल बदला आणि मग रिपोर्ट लिहा.

कॉल ट्रेसमध्ये (फंक्शन एकमेकांना कशी बोलावत गेली त्या यादीत) ज्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह असतं ती ओळ भरवशाची नसते. ती स्टॅकवर पडलेली जुनी नोंद असू शकते. त्या ओळीतल्या फंक्शनला दोषी ठरवून लिहिलेले रिपोर्ट पाहून वाईट वाटतं, कारण लिहिणाऱ्यानं मेहनत घेतलेली असते.

आणि लॉगमधलं 'टेंटेड'चं (कर्नल 'शुद्ध' नसल्याचं) अक्षर. ओ म्हणजे बाहेरचं मॉड्यूल, पी म्हणजे बंदिस्त परवान्याचं, डी म्हणजे याआधी एक ऊप्स होऊन गेला आहे. डी असलेला ट्रेस पाठवू नका, त्याच्या आधीचा शोधा.

पॅचवाला

@बिटपलट, हेच तर मी म्हणतोय, फक्त पुढे नेऊन. लॉग कुठे बोट दाखवतो आणि दोष कुठे असतो यात अंतर असतं, आणि ते अंतर पुन्हा घडवल्याशिवाय कापता येत नाही.

२०१८ चा शेवट आठवा. कर्नल ४.१९ आल्यावर एक्स्ट४ खराब होत असल्याच्या तक्रारी कर्नलच्या बगझिलात (बगांच्या नोंदवहीत) २०१६८५ या क्रमांकाखाली जमू लागल्या. लॉगमध्ये सगळीकडे एक्स्ट४चं नाव. दोष निघाला ब्लॉक लेयरमध्ये (फाइलसिस्टीम आणि डिस्क यांच्यामधल्या थरात), त्यातला ब्लॉक-एमक्यू हा भाग विनंती थेट ड्रायव्हरकडे पाठवतो त्या वाटेत, आणि तोही आयओ शेड्युलर (विनंत्यांचा क्रम लावणारा भाग) 'नन' असताना. तिथपर्यंत माग निघाला तो एका वापरकर्त्यानं चिकाटीनं बायसेक्ट केलं (बदलांचा पल्ला अर्धा-अर्धा करत दोषी बदल शोधला) म्हणून. ४.१९.८ मध्ये दुरुस्ती आली. हजार सुपरब्लॉक वाचूनही ब्लॉक-एमक्यूचं नाव निघालं नसतं.

जर्नलवाचक

त्या उदाहरणातून मला उलटं दिसतं. शेड्युलर 'नन' असलेल्यांनाच फटका बसतो, ही गोष्ट वेगवेगळ्या लोकांचं कॉन्फिगरेशन शेजारी ठेवलं की दिसते. तो पुरावाच आहे, पहिल्याच दिवशी मागता येण्यासारखा. आणि बायसेक्टचं म्हणाल तर १०,००० बदलांतून एक शोधायला साधारण १४ कर्नल बिल्ड करून चालवावे लागतात. बग पाच मिनिटांत दिसत असेल तर उत्तम. फाइलसिस्टीमचा बग कधी दोन दिवसांनी दिसतो. एका टप्प्यावर घाई करून 'चांगला' असा शिक्का मारला की पुढचं सगळं भलत्या दिशेला जातं, आणि दरम्यान प्रत्येक 'वाईट' कर्नल डिस्कवर लिहीत असतो.

'ताज्यावर होत नाही' हे वाक्यही दिसतं तितकं भक्कम नाही. ओपनझेडएफएस या फाइलसिस्टीमच्या २.२.० चं नोव्हेंबर २०२३ मध्ये काय झालं? कॉपी केलेल्या फाइल्समध्ये शून्यांचे पट्टे येऊ लागले. नवं काय आलंय तर ब्लॉक क्लोनिंग (डेटा पुन्हा न लिहिता कॉपी करणं), म्हणून २.२.१ मध्ये ते बंद केलं. तरी बग राहिलाच. तो कितीतरी जुना होता. नव्या आवृत्तीत तो सहज नजरेस पडू लागला इतकंच. म्हणून दुरुस्ती २.२.२ सोबत जुन्या शाखेतही, २.१.१४ मध्ये, करावी लागली. बग जिथे दिसतो तिथेच जन्मलेला नसतो, आणि वेळेचा मेळ थोडा बदलला की तो लपतो. मेनलाइनवर लपला म्हणून रिपोर्ट बंद झाला तर तो पुन्हा कोणाच्या तरी डेटावर उघडेल.

@नवखी, तुमचा आक्षेप रास्त आहे. मग क्रम एवढाच ठेवतो: रीबूटआधी डीमेसेज बाहेर काढा, तेही जमत नसेल तर स्क्रीनचा फोटो घ्या, आणि कोणी विचारेपर्यंत एफएससीके किंवा रिपेअर चालवू नका. बीटीआरएफएस या फाइलसिस्टीमचं रिपेअर तर सुरू होण्याआधी स्वतःच इशारा देऊन दहा सेकंद थांबतं. एक्सएफएसचं रिपेअर लॉग फेकून द्यायचा पर्याय सुचवतं तेव्हा त्या लॉगमधले बदल कायमचे जातात. बाकी इमेज वगैरे समोरच्यानं एकेक कमांड देऊन करून घ्यावं.

रात्रपाळी

"कोणी विचारेपर्यंत" म्हणजे किती? दोन तास? दोन आठवडे? नवखींच्या मशीनवर दुसरी डिस्क नसेल तर तोवर त्यांनी काय करायचं?

नवखी

बरोबर. मला काम करायचं होतं, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी रिपेअर करून मोकळी झाले.

पॅचवाला

इथे मी थोडा पुढे येतो. पूर्ण डीमेसेज, बूटपासून शेवटपर्यंत, मधलं काहीही न कापता, आणि कर्नलची पूर्ण आवृत्ती इतकं पहिल्या रिपोर्टमध्ये असेल तर मी मेनलाइनची अट आधी घालणार नाही. आधी ट्रेस डिकोड करून बघेन. वितरणानं डीबगची माहिती वेगळी ठेवलेली असते, तिच्यावरून पत्त्याचा ओळ क्रमांक काढता येतो, आणि तो मीच काढेन. रिपोर्ट करणाऱ्यानं नुसता 'कॉल ट्रेस'चा तुकडा उचलून पाठवू नये. त्याच्या वर चार ओळींवर डिस्कची आयओ एरर असते आणि नेमकी तीच कापलेली असते.

पण ट्रेस वाचून उलगडलं नाही, तर पुढची पायरी पुन्हा घडवण्याचीच आहे आणि तिथे मी हटणार नाही. प्रतीवर करा, व्हर्च्युअल मशीनमध्ये करा, कासान आणि लॉकडेप (मेमरीच्या आणि लॉकच्या चुका पकडणाऱ्या तपासण्या) चालू करून करा. तेही शक्य नसेल तर रिपोर्ट मी उघडा ठेवेन, मात्र त्यावर काम होत आहे असं म्हणणार नाही.

जर्नलवाचक

उघडा ठेवणार असाल तर माझा अर्धा वाद मिटला. तोच ओळ क्रमांक घेऊन दुसरा कोणी आला तर त्याला तो सापडेल. बंद केलेल्या रिपोर्टमध्ये सहसा कोणी शोधत नाही.

रात्रपाळी

माझा मिटलेला नाही. केडम्प पुष्कळ ठिकाणी बंदच असतं, आणि ते चालू ठेवायला थोडी रॅम बाजूला ठेवावी लागते एवढीच अडचण. काही वितरणं ते आपणहून चालू ठेवतात, मग बाकीच्यांनी निदान सर्व्हरच्या इन्स्टॉलेशनमध्ये तसं का करू नये, यावर वेगळा धागा काढतो.